लॉगबुकातल्या सह्या आणि खाटेशेजारचे शिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यात नवी परिचर्या महाविद्यालये कोठे निघणार, बी.एस्सी. नर्सिंगच्या जागा किती वाढणार, प्रवेशाच्या फेऱ्या कधी संपणार, याविषयी आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळते. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांची घोषणा केली होती आणि खासगी संस्थांची धावपळ तर त्याच्या आधीपासूनच चालू आहे. जागा वाढायला हव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. रात्रपाळीत एकाच परिचारिकेवर भरलेला वॉर्ड सोपवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु त्या जागांवर प्रवेश घेतलेली मुलेमुली चार वर्षांत स्वतःच्या हातांनी काय करायला शिकतात, ते त्यांना कोण शिकवते आणि त्यांना ते येते असे कोण, काय पाहून लिहून देते, याची चर्चा बातम्यांत होत नाही, संस्थांच्या जाहिरातींत होत नाही आणि खुद्द आमच्या व्यवसायातही मोकळेपणाने होत नाही. परिचर्येच्या शिक्षणात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली शिक्षिका या नात्याने त्याविषयी लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेच्या सोयीने छापावे.

नियमांकडे पाहिले तर तक्रारीला फारसा वाव नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये राजपत्रातून प्रसिद्ध केलेल्या सुधारित अभ्यासक्रमाने वार्षिक पद्धत जाऊन आठ सत्रांची श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आली. एका श्रेयांकासाठी वर्गातल्या अध्यापनाचे २० तास, कौशल्य प्रयोगशाळेतले ४० तास किंवा रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे ८० तास धरले जातात. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती पुरते, पण पदवी हातात पडण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली उपस्थिती १०० टक्के भरावी लागते. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असे प्रमाणही ठरवून दिलेले आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांना वॉर्ड ठाऊक होता, हे वाचताना जाणवते. अडचण आहे ती या तासांत नेमके काय घडते, तिथे.

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ एक लॉगबुक असते. त्यात करावयाच्या प्रक्रियांची यादी असते, प्रत्येकीसमोर ती किती वेळा पाहिली, किती वेळा मदतनीस म्हणून केली आणि किती वेळा स्वतः केली याचे रकाने असतात, आणि शेवटी तारीख व शिक्षकाची सही. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात सत्र संपत आले की लॉगबुकांचा गठ्ठा टेबलावर येतो आणि एका बैठकीत, एकाच पेनाने, मागच्या चार-पाच महिन्यांच्या तारखांसमोर सह्या होतात. हे मी कोणत्याही एका संस्थेला उद्देशून म्हणत नाही. ज्यांनी या क्षेत्रात काही वर्षे काढली आहेत, त्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. सही करणारी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे महाविद्यालयातली शिक्षिका, अप्रामाणिक असते असेही नाही. तिच्याकडे तीन विषयांचे तास असतात, विद्यापीठाची कागदपत्रे असतात, प्रवेशाच्या हंगामात गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन संस्थेचा प्रचार करण्याचे कामही तिच्याच माथी असते. वॉर्डात ती सकाळी हजेरी घेण्यापुरती येते आणि दुपारी परतीच्या गाडीत मुले मोजण्यापुरती. मधल्या पाच तासांत विद्यार्थ्याने काय केले, ते तिने पाहिलेले नसते. जे पाहिले नाही त्यावर ती सही करते, आणि त्या सहीच्या जोरावर चार वर्षांनी एक परिचारिका नोंदणीकृत होते.

याचा परिणाम मोठ्या, नाट्यमय चुकांत दिसतो असे नाही. तो अगदी साध्या कामात दिसतो. श्वसनगती मोजणे यापेक्षा सोपे कौशल्य परिचर्येत दुसरे नसेल. रुग्णाच्या मनगटावर नाडीसाठी धरलेली बोटे तशीच ठेवायची, म्हणजे आपला श्वास मोजला जात आहे हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि छातीचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजायचे. पहिल्या सत्रातल्या मुलीला हे येते. प्रयोगशाळेत ती ते करूनही दाखवते. आता एखाद्या भरलेल्या मेडिसिन वॉर्डातले टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वसनगती यांचे तक्ते) एकापाठोपाठ एक वाचून पाहावेत. तापमान वेगवेगळे असते, नाडी वेगवेगळी असते, रक्तदाब वेगवेगळा असतो, आणि श्वसनगती मात्र खाट क्रमांक १ पासून शेवटच्या खाटेपर्यंत २०. न्यूमोनियाने धाप लागलेल्या रुग्णाचीही २०, उद्या घरी जाणाऱ्याचीही २०. वास्तविक रुग्ण ढासळू लागल्याचे सर्वांत आधी सांगणाऱ्या खुणांपैकी श्वसनगती ही एक आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या पूर्वसूचना गुणपत्रकात मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक श्वास असतील, तर केवळ त्या एका नोंदीला सर्वाधिक म्हणजे ३ गुण मिळतात आणि तातडीने वरिष्ठांना कळवावे लागते. आपल्याकडची विद्यार्थिनी वॉर्डात येते, कोणीच मोजत नाही हे पाहते, सुरुवातीला स्वतः मोजते, मग मोजण्यात वेळ का घालवतेस म्हणून कोणी हसते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तीही २० लिहू लागते. तिला ज्ञान कमी पडलेले नाही. तिने एक कौशल्य आत्मसात केले आहे, ते म्हणजे न मोजता लिहिण्याचे, आणि ते तिला वॉर्डाने शिकवले आहे, कारण त्या वेळी महाविद्यालयाचे कोणीही तिच्या शेजारी नव्हते.

रायल्स ट्यूबचे, म्हणजे नाकातून जठरापर्यंत घालायच्या नळीचे, उदाहरण याहून गंभीर आहे. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजायची, खूण करायची, रुग्णाला शक्य तितके बसते करायचे, गिळायला सांगत नळी पुढे सरकवायची, हे सर्व ठिकाणी सारखेच शिकवले जाते. फरक पडतो तो नळी जठरात पोहोचली की नाही हे ठरवताना. वर्गात शिकवले जाते की नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता पट्टीवर पाहावी, सामू (पीएच) ५.५ किंवा त्याहून कमी असावा, आणि शंका असल्यास क्ष-किरण तपासणी करावी. वॉर्डात ती पट्टीच नसते. तेथे सिरिंजने हवा सोडतात आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकतात. नळी श्वसनमार्गात गेली असली तरी तसा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो, म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच या पद्धतीवर विसंबून राहू नये असे बजावले होते. एखाद्या विद्यार्थ्याने धीर करून विचारलेच, तर ‘कॉलेजमधलं कॉलेजमध्ये ठेव, इथे काम उरकायचंय’ असे उत्तर मिळते. येथे परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. पट्ट्यांची मागणी केली तर त्या भांडारात येत नाहीत, आणि रात्री क्ष-किरण विभागात रुग्ण न्यायला माणूस नसतो, हे तिचे वास्तव आहे. पण विद्यार्थ्याच्या मनात यातून जे घट्ट बसते ते असे, की प्रत्येक प्रक्रियेच्या दोन पद्धती असतात, एक परीक्षेची आणि एक कामाची. एकदा ही समजूत पक्की झाली की पुढे काहीही शिकवले तरी ते परीक्षेच्या खात्यात जमा होते.

सलाईनच्या थेंबांचा हिशेबही तसाच. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यायचे असेल आणि संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, हे गणित उत्तरपत्रिकेत बहुतेकांना येते. हातात घड्याळ धरून, चाक फिरवत ते ४२ थेंब बसवायचे आणि अर्ध्या तासाने परत येऊन, रुग्णाने हात हलवल्यावर ते बदलले का हे पाहायचे, हे फार थोड्यांनी केलेले असते.

यावर उपाय म्हणून सध्या सर्वत्र कौशल्य प्रयोगशाळेचे नाव घेतले जाते. प्रयोगशाळा हवी, यात शंका नाही. निर्जंतुक हातमोजे घालताना बाहेरची बाजू विटाळली तर ते तिथे कोणाच्या जिवावर बेतत नाही. एखादी पायरी चुकली तर थांबता येते, परत करता येते, हसता येते. शिक्षकाने आधी प्रक्रिया नेहमीच्या वेगाने न बोलता करून दाखवायची, मग प्रत्येक पायरी समजावत करायची, तिसऱ्या वेळी विद्यार्थ्याने पायऱ्या सांगायच्या आणि शिक्षकाने त्याप्रमाणे करायच्या, आणि चौथ्या वेळी विद्यार्थ्याने सांगत सांगत स्वतः करायची, ही चार टप्प्यांची रीत चांगली आहे आणि तिला महागडे साहित्यही लागत नाही. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा शिक्षणसंस्थांच्या अभ्यासात, रुग्णालयातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने (प्रयोगशाळेत उभ्या केलेल्या नकली प्रसंगांनी) भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत, असे आढळले. आपल्याकडच्या संस्थाचालकांना हा निष्कर्ष फार आवडतो. मात्र त्या सिम्युलेशनसाठी शिक्षकांना खास प्रशिक्षण दिलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर विद्यार्थ्यांशी पद्धतशीर चर्चा होत असे, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

आपल्याकडे प्रयोगशाळा म्हणजे मुख्यतः वस्तू. तपासणी समिती येण्याच्या आठवड्यात मॅनिकिनवरचे (सरावाच्या पुतळ्यावरचे) प्लास्टिक निघते, पुसून-झटकून खाटा मांडल्या जातात, आणि समिती गेल्यावर किल्ली पुन्हा प्राचार्यांच्या कपाटात जाते. डमी मोडली तर भरपाई कोणाकडून घ्यायची, या धास्तीने ती न वापरलेलीच बरी असा विचार मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. जिथे वापर होतो तिथेही हिशेब जुळत नाही. मूत्रनलिका घालण्याचे प्रात्यक्षिक एका विद्यार्थ्याने करायचे आणि शिक्षकाने ते पाहून दुरुस्त करायचे, याला २० मिनिटे धरली, तर ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका शिक्षकाचे २० तास लागतात. दहा-दहांचे गट करून सहा शिक्षक लावले तर प्रत्येकाचे ३ तास २० मिनिटे. ही एका प्रक्रियेची गोष्ट, आणि तीही प्रत्येकाला एकच संधी धरून. एवढा वेळ कोणत्या वेळापत्रकात आहे? होते असे, की ६० जण एका खाटेभोवती उभे राहतात, पुढच्या रांगेतल्या दहा जणांना दिसते, चौघे-पाच जण, बहुधा नेहमीचेच, रिटर्न डेमो देतात, म्हणजे पाहिलेले स्वतः करून दाखवतात, आणि बाकीचे प्रोसिजर बुकात आकृत्या काढतात. त्या आकृत्या मात्र फार सुबक असतात. ट्रेमधल्या वस्तूंची यादी, तिचे प्रयोजन आणि लाल-निळ्या शाईतली शीर्षके यांवर आमच्या मुलींचे जितके तास गेले आहेत, त्यातले निम्मे जरी हाताला मिळाले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

शिवाय रबराच्या हातातली शीर नेहमी एकाच जागी असते. जुलाबाने सुकलेल्या मुलाची शीर सापडत नाही, वृद्ध बाईची सापडते पण सुई लागताच फुटते, दारू सोडताना थरथरणारा माणूस हात ओढून घेतो, आणि शेजारी उभे असलेले नातेवाईक ‘तुम्हाला जमत नसेल तर मोठ्या सिस्टरना बोलवा’ असे म्हणतात. हे सगळे सांभाळत, त्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलत, हात स्थिर ठेवणे हेच ते कौशल्य आहे. आडात पोहायला शिकवणारा माणूस पोराच्या कमरेला दोर बांधतो आणि वर काठावर तो धरून उभा राहतो. दोर सोडायचा केव्हा हे त्याला कळते, म्हणून पोर शिकते. आमच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतून थेट विहिरीत उतरवले जाते आणि दोर धरणारा त्या वेळी महाविद्यालयात दुसऱ्या वर्गाचा तास घेत असतो.

जिल्हा रुग्णालयांत तर एकाच वेळी दोन-तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी असतात, त्यांत जीएनएम आणि एएनएम या परिचर्येच्या पदविका-प्रमाणपत्र अभ्यासक्रमांच्या मुली वेगळ्या. सकाळी नऊ वाजता एकेका खाटेभोवती पांढऱ्या एप्रनांची गर्दी होते आणि एकाच रुग्णाचा रक्तदाब तासाभरात चौघे घेऊन जातात. सरकारी रुग्णालयात आलेला माणूस गरीब आहे म्हणून तो सरावासाठी मोकळा आहे, अशी एक न बोललेली समजूत आपल्या सर्वच आरोग्यशिक्षणात आहे आणि परिचर्या तिला अपवाद नाही. ‘ही विद्यार्थिनी आहे, मी तिच्याबरोबर उभी आहे, तिने इंजेक्शन दिले तर चालेल का?’ एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. माझा अनुभव असा आहे की विचारले तर बहुतेक लोक हो म्हणतात, आणि नकार देणारा सहसा शिक्षक सोबत नाही म्हणून नकार देतो. हेच प्रसूती कक्षातल्या मुलग्यांबाबत खरे आहे. बी.एस्सी.ला येणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे, अभ्यासक्रम त्यांनाही मिडवाइफरीचा (प्रसूतिसेवेचा) आहे, पण नातेवाईक हरकत घेतील या भीतीने त्यांना दाराबाहेर बसवले जाते आणि लॉगबुकात प्रसूतींची नोंद मात्र पूर्ण भरते. शिक्षिका स्वतः कक्षात असेल आणि बाईला आधी विचारले असेल, तर मार्ग निघतो; नसेल तर निघत नाही.

मूळ दुखणे असे आहे, की शिकवणारी व्यक्ती आणि रुग्णाची जबाबदारी असलेली व्यक्ती या दोघींची आपल्याकडे फारकत झाली आहे. जुन्या रुग्णालयीन शाळांत विद्यार्थिनी ही फुकटची कामगार होती. तिला रात्रपाळीत एकटीला उभे केले जाई, तिचे शिक्षण कामाच्या सोयीने चाले, आणि त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी शिक्षण सुरू झाले, परिचर्या विद्यापीठात आली, हे योग्यच झाले. परंतु शाळा रुग्णालयापासून वेगळी होताना वॉर्डची प्रमुख परिचारिका, म्हणजे परिसेविका, शिकवण्यातून बाहेर गेली आणि शिक्षिका वॉर्डमधून बाहेर गेली. आज शिक्षिकेला वॉर्डात पाहुणीसारखे वावरावे लागते. तिने ड्रेसिंगची चुकीची पद्धत पाहिली तरी ती बदलण्याचा अधिकार तिला नाही. उलट परिसेविकेला विद्यार्थ्यांविषयी काही देणेघेणे नसते. तिच्या दृष्टीने विद्यार्थी म्हणजे नमुने लॅबमध्ये पोहोचवणारी, औषधे आणणारी आणि सगळ्या वॉर्डचा बीपी घेणारी जादा माणसे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने शिक्षकांवर वॉर्डची जबाबदारी कायम ठेवून शिक्षण आणि सेवा एकत्र राखली आहे. तिथल्या परिचारिकांच्या हाताला जो लौकिक आहे त्याचे बरेच श्रेय मी या व्यवस्थेला देते.

परदेशाचे दाखले उठसूट देणे मला आवडत नाही. पण महाराष्ट्र सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत, म्हणून तिथे परिचारिका कशी घडते हे पाहणे अप्रस्तुत नाही. २०२० पासून तेथे लागू असलेल्या कायद्यानुसार तीन वर्षांत २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. यांपैकी प्रत्यक्ष कामाच्या किमान १० टक्के वेळात नेमलेली मार्गदर्शक परिचारिका विद्यार्थ्याबरोबर असणे सक्तीचे आहे, आणि ती मार्गदर्शक होण्यासाठी अनुभवी परिचारिकेला ३०० तासांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, पुढे दरवर्षी २४ तासांचे उजळणी प्रशिक्षणही. १० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण २,५०० चे १० टक्के म्हणजे २५० तास कोणीतरी केवळ त्या विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहत आहे. ब्रिटनने २०१८ च्या मानकांत आणखी एक काळजी घेतली: कामाच्या ठिकाणी विद्यार्थ्याला शिकवणारी पर्यवेक्षक वेगळी आणि त्याला ते काम येते असे ठरवणारी मूल्यमापक वेगळी. आपल्याकडे शिकवणारी, सही करणारी आणि अंतर्गत गुण देणारी व्यक्ती एकच असते, आणि निकाल कमी लागला तर व्यवस्थापन जाब विचारते तोही तिलाच.

परीक्षेविषयी थोडक्यात. वेगवेगळ्या टेबलांवर ठरावीक मिनिटांत काम करून दाखवण्याची वस्तुनिष्ठ पद्धत नव्या अभ्यासक्रमाने आणली, ती जुन्या तोंडी परीक्षेपेक्षा निश्चित बरी. जुन्या पद्धतीत बाहेरून आलेल्या परीक्षक व्याख्या आणि प्रकार विचारूनच समाधान मानत. पण हात धुण्याच्या टेबलावरही विद्यार्थी साबणपाण्याचे ४० ते ६० सेकंद तोंडाने म्हणून दाखवतो आणि परीक्षक खूण करतो, असे होत असेल तर नाव बदलले, परीक्षा तीच राहिली.

माझ्या मते सर्वांत आधी वॉर्डातल्या अनुभवी अधिपरिचारिकांपैकी काहींना मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमावे, त्यांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण द्यावे आणि विद्यार्थी सोबत असतील त्या दिवशी त्यांच्याकडचे रुग्ण कमी करावेत. यासाठी भत्ता हवा, नुसता मान नको. खासगी संस्थांकडून विद्यार्थी पाठवण्याबद्दल जे शुल्क घेतले जाते, त्यातला ठरावीक वाटा थेट या परिचारिकांना मिळू शकतो. नवे पद निर्माण करण्याची फाइल मंत्रालयात फिरत बसण्यापेक्षा हे लवकर होईल. त्याचबरोबर प्रत्येक शिक्षिकेने आठवड्यातले काही तास रुग्णांची प्रत्यक्ष जबाबदारी घेऊन वॉर्डात काम करावे. याला शिक्षकांकडूनच विरोध होईल, हे मला माहीत आहे. पदव्युत्तर पदवी घेतल्यावर पुन्हा गणवेश चढवणे अनेकांना कमीपणाचे वाटते. परंतु जिने गेल्या दहा वर्षांत शीर शोधलेली नाही, तिने शीर शोधायला शिकवू नये, इतके स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

लॉगबुकातली यादीही लहान करावी. शंभर प्रक्रियांसमोर सह्या घेण्यापेक्षा तीस निवडाव्यात, ज्या न येणाऱ्या माणसाला वॉर्डात सोडणे धोक्याचे आहे, आणि त्या प्रत्येकीवर, ती शिकवणारीहून वेगळ्या व्यक्तीने खाटेशेजारी उभे राहून, त्याच दिवशी सही करावी. उरलेल्या सत्तर शिकवाव्यात, पण त्यांच्या खोट्या नोंदी मागू नयेत. आणि महाविद्यालयाची प्रोसिजर पुस्तिका व रुग्णालयाची कार्यपद्धती या दोन गोष्टी वेगळ्या राहू नयेत, म्हणून प्राचार्या आणि रुग्णालयाच्या परिचारिकांच्या प्रमुख असलेल्या अधिसेविका यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एकच मजकूर ठरवावा. तिथे सामूपट्टी नसेल, तर ती मागवण्याच्या पत्रावर दोघींची सही असावी.

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे. नव्या व्यवस्थेत संस्थांच्या तपासणीचे नमुने नव्याने लिहिले जातील, तेव्हा मॅनिकिन किती, ग्रंथालयात पुस्तके किती, बसमध्ये आसने किती या रकान्यांबरोबर शिक्षक वॉर्डात किती तास होते आणि त्याची नोंद रुग्णालयाकडे आहे का, हा रकानाही असावा, अशी मागणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आतापासून करायला हवी. तोपर्यंत निदान पालकांनी प्रवेश घेताना इमारत आणि वसतिगृह पाहून थांबू नये. मुलांना कोणत्या रुग्णालयात पाठवता, तिथल्या किती खाटा भरलेल्या असतात, त्याच रुग्णालयात आणखी किती महाविद्यालये येतात, वॉर्डात सोबत कोण असते आणि लॉगबुकावर सही कोण, केव्हा करते, हे प्रश्न त्यांनी कार्यालयात विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. आपल्या दैनिकाने प्रवेशाच्या पुरवणीत शुल्काच्या तक्त्याशेजारी ही माहिती मागवून छापली, तर पुष्कळ पालकांची सोय होईल.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका,
सोलापूर